नेमण्णा आणि चौकोनी भोक

तुम्ही रोज ज्या भोकांच्या भरवशावर जगता, त्यांतल्या एकाचा तरी आकार तुम्ही कधी नीट पाहिला आहे का?

हसू नका. प्रश्न थट्टेचा नाही. पिठाची चाळणी, न्हाणीघराची जाळी, कमरेचा पट्टा, चहाची गाळणी. माणूस दिवसभर भोकांशी व्यवहार करतो आणि त्यांच्याकडे एकदाही बघत नाही. मीही बघत नव्हतो. आमच्या शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्याचे, पत्र्याला भोकं पाडणाऱ्या प्रेसचे मिस्त्री नेमण्णा मगदूम मात्र बघायचे. नुसते बघायचे नाहीत. भोक दिसलं की त्यात उजव्या हाताची करंगळी घालायची, डोळे मिटायचे आणि कडेवरून एक सावकाश फेरी मारायची. करंगळी न अडता फिरली तर "हं" म्हणायचं. अडली तर चेहरा असा व्हायचा की समोरच्यानं विचारावं, कोण गेलं?

माझ्या मावसभावाच्या लग्नात मी त्यांना घेऊन गेलो होतो. अक्षतांच्या आधीच ते मांडवातून गायब झाले. शोधत गेलो तर चुलाणापाशी उभे. आचारी बुंदी पाडत होता. अण्णांनी त्याच्या हातातला झारा फडक्यात धरून काढून घेतला होता आणि तो उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघत होते.

"ह्या दोन भोकांच्या मधलं लोखंड झिजलंय. झारा बदल."

"पावणं, बुंदी गोल पडतीया न्हवं?"

"आज बुंदी पडतीया. उद्या झाराच पडंल कढईत."

आचाऱ्यानं कपाळावरचा घाम पुसला. "तुम्ही नवरीकडचं का नवऱ्याकडचं?"

"मी लोखंडाकडचा," अण्णा म्हणाले आणि झारा परत देऊन पंगतीला येऊन बसले.

शेजारच्या सुलोचनाबाईंच्या प्लास्टिकच्या बादलीला एकदा तडा गेला. अण्णांनी ती मागून घेतली आणि तडा जिथे संपत होता त्या टोकाला एक छोटं गोल भोक पाडून परत दिली. तड्याचं टोक सुईसारखं असतं, तिथूनच तो पुढे घुसतो. ते टोक गोल केलं की त्याचा जोर मोडतो, असं त्यांचं म्हणणं. खरंच तडा पुढे गेला नाही. पाणी गेलं. सुलोचनाबाई बादली घेऊन दारात आल्या, "अण्णा, आता ह्यात काय भरू? वारा?"

"पण फुटली का?" अण्णांनी विचारलं.

नव्हती फुटली. पुढे कित्येक वर्षं त्या बादलीत त्यांनी कांदे ठेवले.

नेमण्णा गडहिंग्लजकडचे. घरची थोडी शेती, ती भाऊ बघायचा. कोल्हापुरात राजारामपुरीत दोन खोल्या. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. शाळा सातवीपर्यंत. सूर्यास्ताच्या आत जेवण, पाणी गाळून, आणि ते गाळायचं फडकं स्वतः धुतलेलं. कारखान्यात सगळ्यांच्या आधी यायचे, आणि आल्या आल्या यंत्राला नमस्कार न करता यंत्राच्या खालच्या पेटीत हात घालायचे. पत्र्याला भोक पाडलं की कापलेली टिकली खाली त्या पेटीत पडते. अण्णा त्या टिकल्या तळहातावर घेऊन, ज्योतिषी कवड्या बघतो तसे बघायचे. टिकली सांगते म्हणे, भोक कसं पडलं.

आमचा कारखाना चाळण्यांचा. मळणी यंत्राच्या चाळण्या, गुऱ्हाळाच्या चाळण्या, साखर कारखान्याला लागणारे बारीक भोकांचे पत्रे. चाळणीच्या धंद्यात एकच हिशेब असतो: भोकं जितकी जास्त, तितका माल चांगला. मालक गिऱ्हाइकासमोर पत्रा उन्हात धरायचे आणि म्हणायचे, "बघा, आरपार!" अण्णा मागून पुटपुटायचे, "आरपार बघतंय. मधलं बघत न्हाय."

मी तिथे स्टोअर क्लार्क म्हणून लागलो तेव्हा मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात धडा दिला. हातात पत्र्याचा तुकडा दिला आणि विचारलं, "ह्यात काय दिसतंय?"

"भोकं."

"चुकलास. भोक हे काय न्हायच. न्हाय त्याचं नाव भोक. तू मधलं लोखंड बघ. ओझं ते उचलतंय."

मग त्यांनी मला जे सांगितलं, ते मी नंतर कुठल्याही पुस्तकात इतक्या सोप्या शब्दांत वाचलं नाही. पत्र्याला ओढलं की ओढ पत्र्यातून वाहते, बाजारातल्या गर्दीसारखी. वाटेत भोक आलं की गर्दी बाजूनं वळसा घालते. भोक गोल असेल तर गर्दी वळणावळणानं निघून जाते. कडेला थोडी दाटी होते, पण ती सोसण्यासारखी. भोक चौकोनी असेल तर गल्लीच्या टोकदार कोपऱ्यावर जे होतं तेच होतं: सगळ्या सायकली तिथंच आपटतात. "लोखंड रडतंय ते कोपऱ्यात," अण्णा म्हणायचे. हे त्यांचं आवडतं वाक्य. दिवसातून दहादा. भोकं एकाखाली एक सरळ रांगेत पाडली तर पत्र्याला फाटायला आयती रेघ मिळते. एक ओळ अर्ध्या पावलानं सरकवून तिरकी पाडली तर फाटणाऱ्याला नागमोडी जावं लागतं. आणि कडेला चार बोटं पत्रा कोरा ठेवायचा, कारण "काठ न्हाय त्या धोतराचं काय खरं हाय?"

हे सगळं ऐकायला गोड होतं. पण प्रेसवरच्या माणसांना ते रोज भोगावं लागायचं. धान्याच्या चाळणीला चौकोनी भोकं गिऱ्हाईक मागायचं, तिथे अण्णांचं काही चालायचं नाही. ती यंत्रं सुरू असेपर्यंत ते पाठ करून उभे राहायचे. पण बाकी मालात एका भोकाची कड अडली की अख्ख्या पत्र्यावर खडूनं 'परत' लिहायचे. शिवा म्हणून आमचा प्रेसवरचा माणूस होता, धिप्पाड, तालमीत जाणारा. त्याचे एका दिवसात अकरा पत्रे परत गेले. तो माझ्याकडे आला आणि जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाला, "तू लिवतोस न्हवं? मग ह्या म्हाताऱ्यावर लिव की कायतरी!"

मी लिहिलं. पत्रकाची भाषा मला पोटातूनच येते. आमच्या घरात वर्तमानपत्र कमी आणि पत्रकं जास्त वाचली जात. मथळा होता, 'कामगारांनो, आपला शत्रू ओळखा!' आणि खाली मोठ्या अक्षरात, 'करंगळीशाही मुर्दाबाद!' अन्याय कुठेही बसलेला असो, खुर्चीत किंवा करंगळीत, तो अन्यायच, असं मी लिहिलं होतं. त्या वाक्याचा मला फार अभिमान वाटला. चहाच्या शेडमध्ये लाकडी फळीवर चार कोपऱ्यांत चार खिळे ठोकून मी ते लावलं.

दुपारी अण्णा पत्रकासमोर उभे होते. सगळं खातं मागे चहाचे कप धरून उभं. अण्णांनी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. मग करंगळी वर केली आणि खिळ्याजवळच्या कागदावरून फिरवली.

"कुणी लिवलं?"

"मी," मी छाती काढून म्हणालो.

"अक्षर झकास हाय. पण पत्रकवाल्या, कडेला चिकटून खिळं कुणी मारायला सांगितलं? वारा आला की हे फाटलं. क्रांती करायची तर कागद तरी टिकला पाहिजे की रं."

मागून शिवाच पहिल्यांदा फिसकन हसला. फितूर!

अण्णांनी पत्रक उतरवलं, कात्रीनं त्याच्या दोन पट्ट्या कापल्या. एका पट्टीत पात्यानं चौकोनी भोक कापलं, दुसरीत चामड्याला भोक पाडायच्या पंचानं तेवढंच गोल. चौकोनी भोकाची पट्टी माझ्या हातात दिली. "वड." मी ओढली. टर्र! भोकाच्या कोपऱ्यातून कागद गेला तो सरळ 'शत्रू' या शब्दातून. "आता ही वड." दुसरी पट्टी मी ओढली, आणखी ओढली. कागद ताणला गेला, भोक लांबट झालं, कडेला सुरकुत्या पडल्या आणि मग कुठे ती तुटली.

"बघितलंस? गोल बी फाटतंय. मी कुठं म्हणतो न्हाय फाटत? पण सांगून फाटतंय. आधी चेहरा पाडतंय, माणसाला पळायला वेळ देतंय. चौकोनी सांगत न्हाय."

त्यानंतर सगळे मला पत्रकवाल्या म्हणू लागले. पत्रे परत जायचे ते जातच राहिले.

त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीला एक वेगळंच काम आलं. राधानगरीच्या अलीकडे ओढ्याच्या काठावर एक गाव आहे. शाळा ओढ्याच्या या तीराला, आणि वाडी पलीकडे. पाऊस लागला की ओढा चढायचा आणि वाडीची साठ मुलं दिवाळीपर्यंत घरी बसायची. साठ मुलांचं शिक्षण एका ओढ्यानं अडवावं आणि कुणाला त्याची लाज वाटू नये, यावर मी वेगळं पत्रक लिहू शकलो असतो. पण गावानं लाज धरली होती. वर्गणी, श्रमदान, खटपटी करून लोखंडी साकव उभा केला होता. दोन्ही काठांवर दगडी बांधकाम, त्यावर दोन लांब तुळया, आणि आता चालायला वर पत्रे हवे होते. पावसाचं पाणी साचू नये, शेवाळ धरू नये, पाय घसरू नये म्हणून भोकांचे. कागदावर एवढंच लिहिलं होतं: 'जाड पत्रा, जाळीचा.' शाळा उघडायच्या दिवशी उद्घाटन होतं.

आणि नेमके अण्णा तेव्हा गडहिंग्लजला गेले होते. थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या, मुलीची सोयरीक होती. पाच दिवस.

पुढचं जे घडलं ते फक्त चाळणीवाल्यांच्या हातूनच घडू शकतं. मालकांनी बघितलं, मळणी यंत्राच्या चाळणीचा चौकोनी भोकांचा साचा यंत्रावर चढवलेलाच आहे. साचा बदलण्यात दिवस जातो. गाव घाई करत होतं. जाळीचा म्हणजे जाळीचा! आणि चांगल्या जाळीची आमची व्याख्या तर ठरलेलीच होती. पत्रा जाड होता, साचा पातळ पत्र्यासाठी होता, दणके बसत होते. तरी शिवानं आणि बाकीच्यांनी दोन पाळ्यांत काम संपवलं. भोकांना भोकं खेटून, अगदी काठापर्यंत, सरळ रांगेत. मालकांनी एक पत्रा उन्हात धरला. "बघा, आरपार!" ट्रक भरला. माल बाहेर जाण्याच्या पावतीवर सही माझी होती. मी पत्रे मोजले, बरोबर भरले, सही केली. भोकांकडे बघितलंही नाही.

अण्णा परत आले ते दोन आठवड्यांनी. अक्काकडे आजारपण निघालं म्हणून राहिले होते. सकाळी आल्या आल्या पेटीत हात घातला. पेटी तोवर कुणी रिकामी केली नव्हती. वरच्या पातळ टिकल्या बाजूला सारून त्यांनी तळातून एक टिकली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"ही जाड हाय. आणि चौकोनी हाय. पत्रं कशाचं?"

मी सांगितलं. साकव. साठ मुलं. उद्या शाळा उघडतेय, उद्याच उद्घाटन.

अण्णा इतक्या मोठ्यानं ओरडले की प्रेस थांबले. "आरं, पोरं चालायच्यात त्यावरनं! चाळायच्यात व्हय?"

मालक मुंबईला गेले होते, फोन लागत नव्हता. गावात फोन नव्हताच. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही निघालो. अण्णांच्या मांडीवर पिशवी, तिच्यात एक छोटा हातोडा आणि फडकी. गाडीच्या तळाला गंजून एक भोक पडलं होतं, त्यातून रस्ता दिसत होता. मला वाटलं, आता तरी हा माणूस सोडेल. पण नाही. वाकले आणि करंगळी घातली.

"वो पावणं, बोट काढा," कंडक्टर म्हणाला. "फुडं खड्डा हाय."

"हे कुणी पाडलेलं न्हाय, आपसूक पडलंय," अण्णा मला म्हणाले. "म्हणून गोल हाय." पण आवाजात नेहमीची मजा नव्हती. वाटेत त्यांनी तीनदा विचारलं, साठच ना? साठच ना रं?

पोचलो तेव्हा दहा वाजायला आले होते. ओढ्याला लाल पाणी सुटलं होतं. साकवाला आंब्याचं तोरण, या काठाला सरपंच आणि चार पुढारी, पलीकडे वाडीची मुलं दोन-दोनच्या रांगेत, तोंडं धुतलेली, केसांना तेल. या काठावर गुरुजी शिट्टी तोंडात धरून तयार. पाहुणे आले की नारळ फुटणार, शिट्टी वाजणार आणि मुलं गाणं म्हणत, पाय आपटत, एकदम अलीकडे येणार होती.

अण्णा कुणाशी एक शब्द न बोलता साकवावर चढले, मधल्या पत्र्यापर्यंत गेले आणि तिथे मांडी घालून बसले.

"वो पावणं!" सरपंच ओरडले. "तिथं काय बसलाईसा? उठा, मुहूर्त जवळ आलाय!"

"पत्रं कच्चं हाईत. एका म्हाताऱ्याला धरतील. साठ पोरं एकदम आली तर न्हाय धरणार."

"कच्चं? आठ-धा दिस झालं, आमची माणसं त्यावरनं वाळूच्या पाट्या वाहत्यात!"

"त्यानंच तर आणखी कच्चं झाल्यात! मी उठतो की. पण आधी मला रॉकेल द्या."

मी त्या क्षणी गावकऱ्यांच्या बाजूनं विचार केला नव्हता. आज करतो, म्हणून दोष कुणाला देत नाही. एक अनोळखी म्हातारा, बरोबर पांढऱ्या सदऱ्यातला एक दाढीवाला पोरगा, उद्घाटनाच्या मुहूर्तावर रस्ता अडवून बसलेला, आणि रॉकेल मागतो!

"आयला, हे पेटवून घेतंय!" कुणीतरी किंचाळलं. बायका ओरडायला लागल्या. दोघांनी मला दंडाला धरलं. "तुमची मागणी काय हाय ते सांगा की आधी!" सरपंच रडकुंडीला आले. "मागणी पाठवू वर! जीव देऊ नगा!"

"मागणी? खडू," अण्णा म्हणाले. "चार-पाच खडू बी द्या."

"खडू कशाला?" सरपंचांचा आवाज फाटला. "मागं निरोप लिवायला व्हय?"

गुरुजी शहाणे होते. त्यांनी खूण करून मुलांना जागेवर बसवलं, शाळेतली कंदिलाच्या रॉकेलची बाटली आणि खडू स्वतः घेऊन आले, आणि बाटली देताना काडेपेटी मात्र स्वतःच्या खिशात घट्ट धरून ठेवली. अण्णांनी फडकं रॉकेलमध्ये बुडवलं, पत्रा चोळला आणि रॉकेल मुरेपर्यंत थांबले. मग कोरड्या फडक्यानं पत्रा पुसून लख्ख केला आणि त्यावर आडवा खडू घासून सगळा पांढरा केला.

"या आता. एकेक जण या. बघा."

सरपंच आले, वाकले. पांढऱ्या पत्र्यावर भोकांच्या कोपऱ्यातून काळसर केस उगवत होते. एक, दोन, मग ओळीनं. तड्यात शिरलेलं रॉकेल खडूतून वर येत होतं. एका भोकाच्या कोपऱ्यातून निघालेला केस शेजारच्या भोकाच्या कोपऱ्याला जाऊन भिडला होता. तिथून पुढच्या. पत्र्याच्या मधोमध, सरळ रांगेत, जवळजवळ अर्ध्या रुंदीपर्यंत. डोळ्यांना एरवी काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

खालून पाणी चाललं होतं. सरपंचांनी हळूच आपली करंगळी एका कोपऱ्यात घातली आणि चटका बसल्यासारखी काढली.

"गुरुजी," ते पाय न आपटता मागे सरकत म्हणाले, "पोरास्नी मागं घ्या. पार घरापतोर मागं घ्या."

माझे हात तोवर लोकांनी सोडले होते. सही माझी होती. मी आयुष्यात इतक्या वेळा 'जबाबदार कोण?' असं लिहिलं आहे. त्या दिवशी उत्तर माझ्याच अक्षरात होतं. पण मुलं घरी गेली होती, सगळी, पायांनी, पेढे खात. त्या क्षणाइतकं मोकळं मला पुढे कुठल्याही विजयानंतर वाटलं नाही. पाहुणे तासाभरानं आले तेव्हा सरपंचांनी त्यांना हार घातला आणि सांगितलं, "मुहूर्त फुडं ढकललाय. लोखंडाला बरं न्हाय."

मालक तिसऱ्या दिवशी जीप घेऊन आले. पाऊस पडत होता. त्यांनी उतरवलेला पत्रा शाळेच्या वऱ्हांड्यात बघितला, तोही खडूनं पांढरा करून. मला वाटलं, आता बहाणे सुरू होतील आणि मी मनात मथळासुद्धा जुळवून ठेवला होता. मालकांनी टोपी काढली आणि एवढंच विचारलं, "मगदूम, साचा कुठला चढवू?"

नवे पत्रे आठ दिवसांत झाले. गोल भोकं, तिरक्या ओळी, दोन भोकांमध्ये भरपूर लोखंड, काठाला चार बोटं कोरा पत्रा. पंच बाहेर पडताना भोकाच्या एका कडेला धार राहते. ओझ्यानं पत्रा वाकला की खालची बाजू ताणली जाते आणि तडा अशा धारेपासून सुरू होतो. "वरली बाजू पोरांच्या अनवाणी पायांसाठी, खालली लोखंडासाठी," असं म्हणून अण्णांनी प्रत्येक भोकाची दोन्ही कडांची धार कानशीनं मोडायला लावली. शिवानं तक्रार केली नाही. आम्ही सगळेच कानशी घेऊन बसलो होतो. मीही. तोवर वाडीची मुलं फळ्या टाकून, दोर धरून, एकेक करून शाळेला येत होती.

मी अण्णांना म्हणालो, "माझं पत्रक चुकलं. दुसरं लिहितो."

"कशाला? खरंच होतं की ते. मी लई छळतो." आणि मग कानशी पुन्हा हातात घेत, "पण कुणीतरी छळलं पाहिजे न्हवं?"

माझी कल्पना होती की गोष्ट इथे संपली. लग्नकार्यात झारे तपासणं, गाळण्यांवर तोंड वाकडं करणं, सगळं पूर्वीसारखं चालू राहिलं. फक्त दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडायच्या दिवशी अण्णा रजा घ्यायचे. कुठे जातात ते सांगायचे नाहीत. मागच्या वर्षी, ते निवृत्त व्हायच्या आधीच्या जूनमध्ये, मी मुद्दाम त्यांच्या मागोमाग त्याच एसटीत बसलो.

पाऊस लांबला होता, ओढ्याला घोटाभर पाणी. अण्णा साकवावर चढलेच नाहीत. काठावरून धोतर सावरत खाली उतरले आणि साकवाच्या बरोबर खाली, पाण्यात, दगडावर उभे राहिले. मान वर करून. भोकांतून ऊन खाली येत होतं, त्यांच्या टोपीवर, कपाळावर, उघड्या तोंडावर उजेडाचे गोल गोल ठिपके. मग वर शिट्टी वाजली आणि मुलं आली. धाडधाड, नाचत, ढकलाढकली करत. त्यांच्या तळव्यांनी भोकं झाकली जायची, उघडायची, आणि अण्णांच्या चेहऱ्यावर ठिपके विझायचे, पेटायचे. मुलांना खाली कुणी आहे याचा पत्ता नव्हता. अण्णांचे ओठ हलत होते. मला वाटलं, जैनांचा णमोकार मंत्र म्हणताहेत.

मी जवळ गेलो. मला बघून ते दचकले नाहीत. बोट वर करून गप्प राहायला सांगितलं, आणि शेवटचा पाय जाईपर्यंत थांबले.

"चौऱ्याहत्तर," ते म्हणाले. मुलं आता वाढली होती. "गुरुजींच्या पटावर वाडीची पंच्याहत्तर हाईत. काल कोल्हापुरात एसटी स्टँडवर भेटलं, तवा विचारून घेतलंय. एक कमी हाय. जा की जरा, बघून ये. ताप-बीप आलाय का कुणाला?"

मी गेलो, विचारून आलो. एक मुलगी मामाच्या गावाहून अजून परतली नव्हती, उद्या येणार होती. मी खाली येऊन सांगितलं. अण्णा दगडावर बसले आणि त्यांनी ओंजळीनं तोंडावर पाणी मारलं. "मग ठीक हाय," म्हणाले. "मामाकडं हाय तर ठीक हाय. मजा करू दे पोरीला." मग कितीतरी वेळ ते वर बघत तसेच बसून राहिले.

आता ते गडहिंग्लजला अक्काकडे असतात. गुडघे गेले आहेत. डॉक्टरांनी एसटीची पायरी चढायची नाही असं बजावलंय. या जूनमध्ये मी गेलो, मोजलं आणि पत्र टाकलं. पण पुढच्या जूनमध्ये मी कुठे असेन हे माझं मलाच ठाऊक नाही. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाचा मुक्काम घरी की तुरुंगात, हे त्याच्या हातात नसतं.

म्हणून तुम्हाला सांगतो. जूनमध्ये, शाळा उघडते त्या आठवड्यात, राधानगरीच्या बाजूला जाणार असाल तर त्या साकवापाशी दहा मिनिटं थांबा. एसटीचा कुठलाही कंडक्टर दाखवेल. मुलं पार होतील तेव्हा मोजा. गुरुजींना वाडीचा पट विचारा. मग एक पोस्टकार्ड घ्या, त्यावर 'नेमण्णा मगदूम, गडहिंग्लज' एवढंच लिहा, पोस्टमन ओळखतो. मजकूर लांबवू नका, नुसता आकडा लिहा. पण आकडा पटापेक्षा कमी भरला, तर कारण लिहायला विसरू नका. ते मूल कुठे आहे, ते विचारून, खात्री करून लिहा. नुसता कमी आकडा हाती पडला, तर डॉक्टर काही का म्हणेनात, अण्णा पुढच्या गाडीनं निघतील.